मोहिनीविद्या आणि वैद्यक
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आजच्या व्याख्यानासाठी 'संमोहन' हा विषय सुचविला, तेव्हा मला थोडे नवल वाटले. माझा व्यवसाय भूल देण्याचा. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला वेदना होऊ नयेत एवढेच पाहणे हे माझे काम. परंतु भूल आणि संमोहन ह्यांचे नाते जुने आहे, आणि त्या नात्याचा एक धागा आपल्या कोकणपट्टीतून जातो. म्हणून मी हे आमंत्रण आनंदाने स्वीकारले.

आपल्या भाषेत ह्या विद्येला जी नावे पडली, त्यांतच अर्धा गैरसमज भरलेला आहे. मोहिनीविद्या, वशीकरण, भुरळ, नजरबंदी. ह्या प्रत्येक शब्दात एक करणारा आहे आणि एक बिचारा सापडलेला आहे. करणाऱ्याच्या डोळ्यांत किंवा बोटांत काही सामर्थ्य असते, ते समोरच्याच्या अंगात शिरते, आणि मग तो कळसूत्री बाहुलीप्रमाणे नाचतो, अशी ही कल्पना आहे. ती केवळ आपल्याकडचीच नव्हे. युरोपातील मोठमोठे विद्वानही एके काळी हेच मानीत होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाचे एक वैद्य फ्रान्झ आन्टोन मेस्मर ह्यांनी असे प्रतिपादन केले की विश्वात एक सूक्ष्म चुंबकीय द्रव भरून राहिला आहे, आणि मनुष्याच्या शरीरात त्याचा प्रवाह अडला की रोग होतो. १७७८ मध्ये ते पॅरिसला आले. एका मोठ्या लाकडी पिंपाभोवती रुग्णांना बसवावयाचे, पिंपातून निघालेल्या लोखंडी सळया दुखऱ्या भागाला लावावयाच्या, मंद संगीत चालू ठेवावयाचे, असा त्यांचा थाट असे. रुग्णांना झटके येत, रडू कोसळे, आणि पुष्कळांना बरेही वाटे. गाजावाजा इतका झाला की १७८४ मध्ये सोळाव्या लुई राजाने चौकशीसाठी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. फ्रँकलिन ह्यांच्या बागेत एका झाडात ही 'चुंबकशक्ती' भरण्यात आली, आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून दुसऱ्याच झाडांपाशी एकामागून एक नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो मूर्च्छित पडला. शक्ती भरलेले झाड तेथून दूरच राहिले होते! समितीने निर्णय दिला की द्रव वगैरे काही नाही. जे घडते ते कल्पनेने घडते.

हा निर्णय खरा होता, पण अपुरा. केवळ कल्पनेने मनुष्य मूर्च्छित पडत असेल, तर त्या कल्पनेचीच चौकशी व्हावयास नको काय? विद्वानांनी ती केली नाही. ज्याने ती केली तो गोमंतकातून गेलेला एक धर्मोपदेशक होता.

जुझे कुस्तोदियु फारिया ह्यांचा जन्म १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी गावी झाला. आईवडिलांचे पटले नाही. चर्चच्या अनुज्ञेने दोघे विभक्त झाली, वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्याच्या मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील लिस्बनला गेले, आणि पुढे रोम येथे मुलाचे शिक्षण झाले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगितली जाते. तरुण फारिया राणीपुढे प्रवचन द्यावयास उभे राहिले आणि समोरचा दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि मुलाची जीभ मोकळी झाली. ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, एका शब्दाने मनुष्याचे अंग कसे बदलते ह्याचा तो पहिला धडा होता असे गोव्याचे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. मलाही ती आवडते.

पुढे पॅरिसमध्ये, १८१३ पासून, फारिया जाहीर प्रयोग करू लागले. ते मनुष्याला आरामखुर्चीत बसवीत, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगत, आणि मग खणखणीत आवाजात आज्ञा करीत, "झोपा!" ज्यांच्यावर परिणाम होई त्यांच्यावर तो थोड्याच वेळात होई. पण त्यांचे खरे मोठेपण प्रयोगात नाही, अनुमानात आहे. त्यांनी सांगितले की माझ्यापासून कोणताही द्रव निघत नाही, माझ्या अंगी कोणतीही विशेष शक्ती नाही. जे घडते त्याचे कारण त्या मनुष्याच्याच ठिकाणी आहे, त्याच्या चित्ताच्या एकाग्रतेत आहे. ज्याची प्रकृती तशी नाही त्याला मी निजवू शकत नाही. आपल्या हाती देवत्व नाही असे स्वतः सांगणारा चमत्कारकर्ता विरळा. लोकांनी त्यांचे काय केले? १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर ह्या सर्व प्रकाराची टर उडविणारे प्रहसन आले. धर्ममार्तंड त्यांना सैतानी म्हणत आणि चुंबकवादी त्यांना अडाणी म्हणत. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते दारिद्र्यात वारले. पुढे अलेक्झांडर द्यूमाने आपल्या प्रसिद्ध कादंबरीतील तुरुंगातल्या पाद्र्याला त्यांचे नाव दिले, त्यामुळे पुष्कळांना ते काल्पनिक पात्रच वाटतात. शास्त्रात मात्र त्यांचे म्हणणे खरे ठरले. फ्रान्सातील नान्सी येथील प्राध्यापक बर्नहाइम ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूचनेचा सिद्धांत मांडला तेव्हा त्याचे पहिले श्रेय फारियांना दिले.

पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. १९४५ मध्ये शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी तो घडविला. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. शिल्प म्हणून तो अप्रतिम आहे. पण विनोद पाहा : हात पसरून उभा असलेला जादूगार आणि त्याच्या पुढ्यात कोसळणारी स्त्री. ज्या समजुतीशी हा मनुष्य जन्मभर झगडला, तीच समजूत त्याच्या स्मारकात ब्राँझमध्ये ओतली गेली आहे.

आता भूल देण्याच्या इतिहासाकडे वळतो. १८४५ च्या एप्रिल महिन्यात बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश शल्यवैद्याने एका कैद्याच्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया केली. त्या काळी भूल नव्हती. रुग्णाला चार माणसांनी दाबून धरावयाचे आणि शक्य तितक्या लवकर सुरी चालवावयाची. त्या कैद्याच्या वेदना पाहवेनात म्हणून एस्डेल ह्यांनी, ज्या विद्येविषयी केवळ वाचले होते आणि जिचा प्रयोग कधी पाहिलाही नव्हता, ती करून पाहिली. रुग्णाच्या अंगावरून, स्पर्श न करता, तासन् तास हात फिरविले. तो इतका गाढ निश्चेष्ट झाला की टोचल्याचे त्याला समजेना. पुढील काही महिन्यांत त्यांनी ह्या पद्धतीने सत्तराहून अधिक वेदनारहित शस्त्रक्रिया केल्या. हत्तीरोगाने वाढलेल्या अवाढव्य गाठी त्यांनी काढल्या. सरकारने समिती नेमली आणि १८४६ मध्ये कलकत्त्यास ह्यासाठी लहानसे रुग्णालयही निघाले. पण त्याच वर्षी, १६ ऑक्टोबरला, अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल यशस्वी झाली, आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले. जे काम हात फिरवून तासन् तास करावे लागे आणि तरीही प्रत्येकाच्या बाबतीत साधत नसे, ते काही मिनिटांत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत होऊ लागले. रासायनिक भूल जिंकली ते योग्यच झाले. मी स्वतः तिच्यावरच पोट भरतो. परंतु एस्डेल शेवटपर्यंत चुंबकीय द्रवच मानीत राहिले, हे मात्र चमत्कारिक. त्याचे खंडन कांदोळीच्या पाद्र्याने सव्वीस वर्षे आधीच छापून ठेवले होते.

'हिप्नॉटिझम' हा शब्द मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड ह्यांनी १८४३ च्या आपल्या ग्रंथात रूढ केला. ग्रीक भाषेत 'हिप्नोस' म्हणजे निद्रा. हे नाव चुकले आहे हे पुढे त्यांच्याच ध्यानी आले. ही अवस्था झोपेची नसून चित्त एकाच कल्पनेवर स्थिरावण्याची आहे असे पाहून त्यांनी नाव बदलावयाचा प्रयत्न केला, पण एकदा लोकांच्या तोंडी बसलेले नाव कोण बदलणार! मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख काढला तर संमोहित मनुष्याचा आलेख झोपलेल्या मनुष्यासारखा नसतो. त्याला ऐकू येते, समजते, बहुधा सर्व स्मरणातही राहते. ह्या अवस्थेची उपमा द्यावयाची तर कीर्तनात रंगलेल्या श्रोत्याची देईन. मांडीला मुंगी चावली तरी त्याला कळत नाही; पण घराला आग लागल्याची हाक आली तर तो सर्वांच्या आधी उठतो.

मग 'मी ह्यातून बाहेरच आलो नाही तर?' ही भीती उरत नाही. उपचार करणारा मध्येच उठून गेला तरी रुग्ण थोड्या वेळाने आपण होऊन डोळे उघडतो, किंवा साधी डुलकी काढून जागा होतो. काहींना नंतर डोके जड वाटते, एवढेच.

तसेच, दुबळ्या मनाची माणसेच संमोहित होतात हेही खरे नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये ह्या ग्रहणशीलतेची मोजपट्टी तयार झाली. तिच्यावरून असे दिसते की थोडे लोक फार ग्रहणशील असतात, थोडे जवळजवळ मुळीच नसतात, आणि आपण बहुतेक सर्व मध्ये कोठेतरी असतो. बुद्धी किंवा मनोबल ह्यांच्या कमीअधिकपणाशी त्याचा संबंध नाही. रंगमंचावरील जादूगाराला हे पक्के ठाऊक असते. तो आधी साऱ्या प्रेक्षागृहाला हात गुंफावयास सांगतो, ज्यांचे हात सुटत नाहीत त्यांनाच वर बोलावतो, त्यांतूनही निवडून निवडून चारपाच ठेवतो. शिवाय शेकडो लोक हसावयास टपलेले असता मंचावर उभ्या असलेल्या मनुष्याला 'नाही' म्हणणे किती कठीण जाते हे आपल्या संमेलनात आग्रहाखातर गाणे म्हटलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे!

परंतु वशीकरणाचा प्रश्न एवढ्यावर सोडता येत नाही, कारण सभेपूर्वी आलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्याच प्रश्नाच्या आहेत. संमोहित मनुष्याकडून इच्छेविरुद्ध काही करविता येते काय? १९६५ मध्ये मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स ह्या संशोधकांनी एक प्रयोग केला. संमोहित व्यक्तींना विषारी साप हाताने उचलावयास आणि सहायकाच्या तोंडावर तीव्र आम्ल फेकावयास सांगण्यात आले. अपाय होऊ नये म्हणून पडद्याआड व्यवस्था केली होती, पण ती त्यांना माहीत नव्हती. बहुतेकांनी तसे केले! आता म्हणाल, म्हणजे वशीकरण खरेच. पण थांबा. दुसऱ्या एका गटाला संमोहित केलेच नव्हते. त्यांना केवळ संमोहित झाल्याचे सोंग करावयास सांगितले होते. त्यांनीही तेच केले. का? तर समोरचा मनुष्य विद्यापीठाचा जबाबदार शास्त्रज्ञ आहे, तो खरोखरचा अपघात होऊ देणार नाही, ही त्यांची खात्री होती. धोका आहे तो अधिकारी वाटणाऱ्या मनुष्यावर टाकलेल्या आंधळ्या विश्वासात. भोंदू बाबाला संमोहन यावे लागत नाही. त्याला तो विश्वास पुरतो.

हीच गोष्ट वर्तमानपत्रांतील 'संमोहित करून दागिने लुटले' ह्या बातम्यांची. दोघे गोड बोलत येतात, पुढे खून झाला आहे, दागिने काढून ठेवा असे सांगून घाबरवितात, घाई करतात, विचारास उसंत देत नाहीत. क्वचित गुंगीचे औषधही देतात. हल्ली दूरध्वनीवर पोलिसाचे सोंग आणून निवृत्त माणसांची जन्माची पुंजी नेणारे ठग निघाले आहेत. त्यांची पद्धत हीच. फसलेली बाई घरी येऊन 'मला भुरळ घातली' असे सांगते, कारण तसे न सांगावे तर घरचे तिला मूर्ख ठरवितात. तिला रागे भरू नका. भीती आणि घाई ह्यांपुढे शहाणी माणसेही फसतात. दोष द्यावयाचा तो ठगाला द्या, आणि तत्काळ पोलिसांत जा.

आता ज्या गैरसमजाने घरे मोडतात त्याच्याकडे येतो. संमोहनात मनुष्य खरेच बोलतो, विसरलेले सर्व त्याला आठवते, हा तो समज. माझ्या परिचयातील एका घरात लग्नाच्या गडबडीत सोन्याच्या पाटल्या नाहीशा झाल्या. कोणीतरी एका संमोहनकर्त्याचे नाव सुचविले. घरातील एका तरुण सुनेला त्याच्यापुढे बसविण्यात आले आणि 'त्या रात्री खोलीत कोण आले होते ते आठव' असे पुनःपुन्हा विचारण्यात आले. तिसऱ्या खेपेस तिला धाकट्या दिरांची पाठ दिसली. तिने लबाडी केली असे मी म्हणत नाही. तिला ती खरोखरच दिसली असावी. पाटल्या आजतागायत सापडलेल्या नाहीत, आणि दोन्ही भावांच्या घरांत गेली अकरा वर्षे गणपतीलाही जाणेयेणे नाही.

असे का होते ते सांगतो. स्मृती ही कपाटात ठेवलेली वही नव्हे. आठविताना मनुष्य दर वेळी ती नव्याने जुळवितो, आणि संमोहनात कल्पना मोकळी सुटलेली असते. विचारणाऱ्याच्या प्रश्नात जो इशारा असतो त्याचे चित्र तयार होते, आणि वाईट असे की त्या चित्राविषयीची खात्री मात्र वाढते. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या समितीने १९८५ मध्ये हेच नमूद केले की संमोहनात आठवलेले अधिक विश्वसनीय नसते. जे न्यायालयात भरवशाचे नाही ते स्वयंपाकघरात भरवशाचे कसे होईल?

पूर्वजन्माची स्मृतीही ह्याच कोटीतील. १९५२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात एका गृहिणीने संमोहित अवस्थेत आपण एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडमधील ब्राइडी मर्फी असल्याचे सांगितले. त्यावर पुस्तक निघाले, फार खपले. आयर्लंडच्या दप्तरांत अशा स्त्रीचा माग लागेना. उलट ह्या गृहिणीच्या बालपणी तिच्या शेजारी आयर्लंडहून आलेली, मिळत्याजुळत्या नावाची एक बाई राहत होती असे वार्ताहरांना आढळले. पुनर्जन्म मानावा की न मानावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी शिरत नाही. पण तासाला काही हजार रुपये घेऊन तो दाखविणाऱ्याकडे दुःखी माणसाने जाऊ नये, असे मात्र मला स्पष्ट सांगावेसे वाटते.

मग ह्या विद्येचा उपयोग तरी काय? आहे, आणि चांगला आहे. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकन संघटनेने १९५८ मध्ये वैद्यकातील तिचे स्थान मान्य केले. वेदनेच्या बाबतीत पुरावा विशेष भक्कम आहे. १९९७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी असे दाखविले की कढत पाण्यात हात बुडविलेल्या संमोहित माणसांना वेदना कमी त्रासदायक वाटेल अशी सूचना दिली, तर मेंदूच्या ज्या भागात वेदनेचा जाच नोंदला जातो तेथील हालचाल खरोखरच बदलते. ही समजूत काढणे नव्हे. बेल्जममधील लिएज येथील विद्यापीठ रुग्णालयात १९९२ पासून हजारो शस्त्रक्रिया संमोहन, जागेपुरती भूल आणि अल्प गुंगी ह्यांच्या जोडीने झाल्या आहेत; गळ्यातील ग्रंथीच्याही. त्यातील 'जोडीने' हा शब्द विसरू नका. भाजलेल्या रुग्णाची मलमपट्टी, दाताचे काम, सुईची भीती, अशा ठिकाणीही त्याचा आधार होतो. धूम्रपान सोडविण्याच्या जाहिराती मात्र फार दिसतात; तेथे पुरावा अजून लंगडा आहे.

चिठ्ठ्यांपैकी एकीचे उत्तर सविस्तर देतो, कारण ती एका आईची आहे. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाचे पोट दीड वर्ष दुखते, शाळा बुडते, सर्व तपासण्या निर्दोष आहेत. डॉक्टरांनी संमोहनोपचार सुचविला आहे, पण सासूबाई म्हणतात की पोराच्या डोक्यावर परिणाम होईल. न्यावे की नाही?

ताई, न्यावे. मँचेस्टर येथे डॉ. व्हॉरवेल ह्यांनी आतड्यांच्या अशा विकारावरील संमोहनाचा पहिला महत्त्वाचा अहवाल १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. नेदरलँड्समध्ये २००७ साली आठ ते अठरा वर्षांच्या मुलांवर तुलना झाली. एक वर्षानंतरही संमोहनाने नेहमीच्या उपचारांपेक्षा पुष्कळ अधिक मुले बरी होती. होते एवढेच की मुलाला आरामात बसवितात, श्वासाकडे लक्ष द्यावयास सांगतात, पोटावर हात ठेवून त्याची ऊब आत पसरते आहे अशी कल्पना करावयास लावतात, आणि हे घरी रोज स्वतः करावयास शिकवितात. मुले ह्यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. त्यांचे दुखणे खोटे होते असा ह्याचा अर्थ नव्हे; मेंदू आणि आतडी ह्यांच्यातील निरोपांची घालमेल शांत होते, असा आहे. सासूबाईंनाही बरोबर न्यावे; त्यांनी स्वतः पाहिले की भीती आपोआप जाईल.

मात्र कोणाकडे न्यावयाचे ते पाहा. ज्या विकारावर जो मनुष्य संमोहनावाचूनही उपचार करू शकतो, त्यानेच त्या विकारावर संमोहन वापरावे. मनोविकारतज्ज्ञ, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, किंवा स्वतःच्या क्षेत्रापुरते प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आणि दंतवैद्य, अशांकडे जावे. दोन दिवसांच्या वर्गातून भिंतीवर प्रमाणपत्र लटकविलेल्याकडे जाऊ नये. मुलाबरोबर पालकाला आणि स्त्रीबरोबर सोबतीणीला बसू न देणारा, औषधे बंद करा म्हणणारा, किंवा पहिल्याच दिवशी दहा बैठकांचे पैसे मागणारा असेल तर तेथून उठून यावे. अपस्मार, मधुमेह, रक्तदाब ह्यांची औषधे संमोहनासाठी एक दिवसही थांबवू नयेत. ज्याला भास होतात, कोणी आपल्याविरुद्ध कट करीत आहे असे वाटते, त्याला प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडेच न्यावे. तेथे संमोहन अपायकारक ठरू शकते.

आणखी तीन चिठ्ठ्या माझ्यापाशी उरल्या आहेत. त्या प्रकृतीच्या खाजगी तक्रारींच्या असल्याने येथे वाचीत नाही. त्या लिहिणाऱ्यांनी फराळाच्या वेळी मला गाठावे.